‘मी मित्राचं नाव सांगणार नाही’ म्हणणारा नववीतला मुलगा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, कारण उत्तर देताना त्यातल्या एकेका गोष्टीकडे पुन्हा यावं लागणार आहे. तुमचा मुलगा नववीत आहे. घटक चाचणीच्या आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणिताच्या पेपरचा फोटो आला. त्याने तो पाहिला. सोडवून पाहिला का, हे तो सांगत नाही. शाळेत चौकशी झाली. फोटो कोणी टाकला हे त्याला माहीत होतं, तरी तो गप्प बसला. घरी विचारलंत तर म्हणाला, ‘मी चुगली करणार नाही.’ बाबांनी आवाज चढवल्यावर त्याने बाबांचाच हिशेब काढला. लायसन्ससाठी एजंटला वरचे पैसे दिले ते काय होतं? आजीला ‘ऑफिसचं काम आहे’ सांगून आपण इगतपुरीला रिसॉर्टवर गेलो ते? पाचवीत असताना दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करायला हाच मुलगा भर उन्हात पुन्हा दुकानात गेला होता. मग आता संस्कार कुठे गेले, आणि शाळेला तुम्ही स्वतः नाव सांगावं का, असे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. संस्कार कुठेही गेलेले नाहीत. दहा रुपये परत करताना आणि आज तोंड मिटून बसताना, दोन्ही वेळा त्याच्या डोक्यात ‘बरोबर काय’ हाच विचार आहे. फरक पडलाय तो ‘का बरोबर’ यात. त्याचं आजचं ‘का’ तेव्हाच्यापेक्षा जास्त गुंत्याचं आहे, आणि माझ्या मते जास्त वाढलेलंही आहे. वागणं चुकलं असेल, त्याबद्दल पुढे बोलतेच. पण विचार मागे गेलेला नाही.

लहान मुलांचं नीतीचं गणित सोपं असतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली यावर पुस्तक लिहिलं. त्यासाठी तो पोरांबरोबर गोट्या खेळायला बसायचा आणि विचारायचा, हे नियम केले कोणी? आपण बदलले तर चालतील का? लहानांना ते नियम मोठ्यांकडून आलेले, कायमचे वाटत. दहा-अकराच्या आसपासची मुलं सांगत, सगळे कबूल असतील तर बदलू. त्याची कपांची गोष्ट तर आजही कुठल्याही घरात करून पाहण्यासारखी आहे. एका मुलाने दार उघडलं आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप त्याच्या नकळत फुटले. दुसऱ्याने आई नसताना चोरून जॅम काढताना एक कप फोडला. जास्त चूक कुणाची? सहा-सात वर्षांचं मूल पुष्कळदा म्हणतं, पंधरावाल्याची. थोडं मोठं झालं की ते कपांची मोजदाद सोडून मनात काय होतं ते विचारायला लागतं.

तुमचा पाचवीतला मुलगा दुकानात परत गेला तेव्हा दुकानदार, आई आणि नियम हे तिघंही एकाच बाजूला उभे होते. चांगलीच सवय होती ती, तिला मी कमी लेखत नाही. पण त्या दिवशी त्याला कुणाला दुखवावं लागलं नव्हतं. आज नियम एका बाजूला आहे आणि मित्र दुसऱ्या बाजूला. अशी फाळणी आयुष्यात पहिल्यांदा होते ती साधारण याच वयात.

इथे लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव घ्यावंच लागतं. १९५८ साली शिकागो विद्यापीठात त्याने प्रबंध लिहिला. दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या ७२ मुलग्यांना त्याने पेचाच्या गोष्टी सांगितल्या. सगळ्यात गाजलेली हाइन्झची. बायको कर्करोगाने मरायला टेकलीय, औषध गावातल्या एकाच औषधवाल्याकडे आहे, तो बनवायच्या खर्चाच्या दहापट किंमत मागतोय, हाइन्झकडे निम्मेच पैसे जमलेत, औषधवाला ऐकत नाही. हाइन्झने औषध चोरावं का? चोरावं की चोरू नये यात कोलबर्गला फारसा रस नव्हता. तो कारण विचारत बसायचा. कारणांवरून त्याने तीन पातळ्या आणि त्यांच्या प्रत्येकी दोन अशा सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर शिक्षा आणि फायदा-तोटा. दुसरीवर आधी ‘माझी माणसं मला चांगलं म्हणतील ना’ आणि मग ‘समाज चालायचा तर नियम हवेत’. तिसरीवर नियमांच्याही मागची तत्त्वं, माणसाचे हक्क. त्याच मुलांना पुढे वीस वर्षं, दर तीन-चार वर्षांनी पुन्हा प्रश्न विचारले गेले आणि ते निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. किशोरवयाच्या मध्यावर सगळ्यात जास्त भर ‘माझी माणसं’ या तिसऱ्या पायरीवर दिसला. नियम आणि व्यवस्थेचा विचार हळूहळू विशीकडे जाताना वाढला. तत्त्वांच्या पातळीवर मोठेपणीसुद्धा फार थोडे पोचले.

कागदावर हे कोरडं वाटतं. म्हणून शाळेतली समुपदेशक या नात्याने मी वर्गात काय पाहते ते सांगते. शाळेत नववीचा तास मिळाला की मी बिननावाच्या चिठ्ठ्या वाटते. प्रश्न बराचसा तुमच्या घरातलाच असतो: मित्राने पेपरचा फोटो टाकला, सरांनी विचारलं, नाव सांगाल का, आणि का? बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘नाही’ येतं. पण त्या ‘नाही’खाली काय लिहिलंय ते बघा. ‘नाही, कारण मग मला ग्रुपमधून काढतील आणि ग्राउंडवर कोणी घेणार नाही.’ ‘नाही, कारण गॅदरिंगच्या वेळी त्याने माझं नाव सांगितलं नव्हतं.’ ‘नाही. त्याच्या पप्पांची सातपूरची नोकरी गेलीय, घरात आधीच टेन्शन आहे, त्यांना कळलं तर ते त्याला खूप मारतील.’ आणि एखादी चिठ्ठी अशी निघते: ‘नाव नाही सांगणार. पण पेपर फुटलाय हे सांगीन, कारण नाहीतर ज्यांनी रात्रभर अभ्यास केला ते मूर्ख ठरतात.’

वरवर पाहिलं तर चारही मुलं मित्राला पाठीशी घालताहेत. शिक्षकांच्या खोलीत या चौघांना एकच शेरा मिळेल. पण पहिल्याला स्वतःची भीती आहे. दुसरा देणं-घेणं फेडतोय. तिसऱ्याला मित्राच्या घरातलं दृश्य डोळ्यांसमोर दिसतंय, आणि हे सोपं काम नाही, हे करायला दुसऱ्याच्या जागी उभं राहावं लागतं. चौथ्याने वर्गातल्या अशा मुलांचा विचार केलाय जी कदाचित त्याची मित्रही नाहीत. तुमचा मुलगा या चौघांपैकी कोण आहे, हे तुमच्या पत्रावरून मला कळत नाही. मला वाटतं तुम्हालाही अजून माहीत नाही, कारण चर्चा ‘सांग’ आणि ‘नाही सांगत’ इथेच अडकली. ‘चुगली करणार नाही’ हे त्याचं उत्तर झालं. कारण अजून कुणी विचारलेलं नाही.

मित्रनिष्ठेला आपण मोठी माणसं फार स्वस्तात काढतो. जोन मिलर या संशोधिकेने मैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन इथल्या लोकांना, त्यांत मुलंही होती, असे पेच दिले की एका बाजूला न्याय आणि दुसऱ्या बाजूला जवळच्या माणसाचं काम. एका गोष्टीत एक जण जिवलग मित्राच्या लग्नातल्या अंगठ्या घेऊन निघालाय, वाटेत त्याचं पाकीट चोरीला जातं, आणि वेळेवर पोचायचं तर दुसऱ्याचं तिकीट उचलण्यावाचून मार्ग उरत नाही. भारतीयांनी अमेरिकनांपेक्षा कितीतरी जास्त वेळा मित्राच्या बाजूने कौल दिला. आणि तो ‘काय करणार, मैत्री आहे’ असा ओशाळून दिला नाही. मित्राला वेळेवर मदत करणं हे त्यांना कर्तव्यच वाटत होतं. म्हणजे तुमच्या मुलाने मित्राची बाजू घेतली ती हवेतून आलेली नाही. आपणच त्याला लहानपणापासून शिकवलंय की आपल्या माणसाला उघड्यावर टाकायचं नसतं. चीनमधल्या एका अभ्यासात सात, नऊ आणि अकरा वर्षांच्या मुलांमध्ये आपल्या गटाला वाचवण्यासाठी खोटं बोलणारी मुलं वयाबरोबर वाढत गेलेली दिसली. वय वाढलं की खोटं कमी होतं असा आपला समज असतो. स्वतःसाठीचं खोटं आणि ‘आपल्यासाठी’चं खोटं यांची वाढ वेगवेगळ्या दिशेने होऊ शकते.

कोलबर्गच्या शिडीला मी ब्रह्मवाक्य मानत नाही, हेही इथेच सांगते. त्याने सुरुवात केली ती फक्त मुलग्यांवर. सहावी पायरी इतकी दुर्मीळ निघाली की पुढे गुण देण्याच्या पद्धतीतून ती काढूनच टाकावी लागली. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये आक्षेप घेतला की काळजी आणि नात्यांच्या भाषेत विचार करणाऱ्या मुलींना ही शिडी खालच्या पायरीवर बसवते. त्यावर नंतर झालेल्या अभ्यासांत मुलगे आणि मुलींत फरक फार थोडा सापडला, त्यामुळे ‘मुलींचं वेगळं असतं हो’ असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावत नाही. चिठ्ठ्यांवर अक्षर सोडून मला मुलगा-मुलगी ओळखू येत नाही. पण काळजी हाही नीतीचाच एक स्वर आहे, हा तिचा मुद्दा टिकला. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरात काम करून दाखवलं की पाश्चात्त्यांना जो निव्वळ रीतिरिवाज वाटतो तो इथल्या माणसाला पाप-पुण्याचा प्रश्न वाटू शकतो. शिडी म्हणून नव्हे, पण ‘कारण ऐका’ ही सवय म्हणून कोलबर्ग मला रोज उपयोगी पडतो.

आता ते उलट उत्तर, ज्याने तुमच्या घरात खरा भडका उडाला. एजंट आणि आजी.

बारा-तेराच्या पुढे मुलांना समोर नसलेल्या गोष्टींवर, तत्त्वांवर, विसंगतीवर विचार करता येऊ लागतो. एखादं नवीन हत्यार हातात आलं की पोर ते आधी घरातल्या लाकडावर चालवून बघतं, तसं पहिलं सामान आपणच असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान हे त्यांना फार लवकर दिसतं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. नाशिकमध्ये २०२१ साली पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं होतं. तेव्हा मुलं मला रंगवून सांगायची, की पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून डोक्यावर चढवायचं, टाकी भरायची, हेल्मेट परत. कुणाचे काका, कुणाचे सर. आणि हेच काका घरी येऊन शिस्तीवर बोलतात. कॉलेज रोडच्या क्लासला पंधरा वर्षांचं मूल ॲक्टिव्हा घेऊन येतं तेव्हा चावी त्याने चोरलेली नसते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या मुलाला पाठ असतं. ‘पण पप्पाच म्हणाले, गल्लीतून जा, चौकातून जाऊ नको.’ आता या मुलाला नियमाबद्दल काय शिकवण मिळाली ते तुम्हीच बघा.

तुमच्या मुलाने दोन उदाहरणं दिली आणि ती दोन्ही एका जातीची नाहीत. एजंटला वरचे पैसे देण्याने रांगेतल्या अनोळखी माणसांवर अन्याय होतो. आजीला खोटं सांगितलं ते तिचं मन दुखू नये म्हणून. तरी त्यात तिला फसवणं आहेच. हा फरक तुम्ही त्याच्यासमोर उलगडलात तर तो वाद घालेल, आणि तो वाद सोन्यासारखा आहे. ‘आमच्या तोंडी लागू नकोस’ म्हणालात तर त्याला एवढंच कळेल की मोठं झालं की हिशेब द्यावा लागत नाही. नवऱ्याला सांगा, एका वाक्यात कबूल करा: ‘एजंटचं चुकलंच. घाई होती, म्हणून केलं.’ असं म्हटल्याने बापाचा मान कमी झालेला मी पाहिलेला नाही. उलट पुढच्या वाक्याला मूल कान देतं.

याला लागूनच एक गोष्ट, जी मला पालकसभेत दर वेळी सांगावी लागते. इलियट ट्युरिएल आणि त्याच्या बरोबरीच्या संशोधकांनी दाखवलंय की तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा दोन प्रकारचे नियम वेगळे ओळखतं. त्याला विचारा, ‘बाईंनी परवानगी दिली तर वर्गात बूट घालून बसलं तर चालेल?’ चालेल. ‘बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलं तर चालेल?’ नाही चालणार, त्याला लागेल. इजा आणि अन्याय एका बाजूला, रीतिरिवाज दुसऱ्या बाजूला. किशोरवयात यात तिसरा कप्पा मोठा होतो: माझं मी ठरवीन असा. केस, कपडे, खोलीतला पसारा, कानात इअरफोन, कोणाशी मैत्री. ज्युडिथ स्मेटानाच्या अभ्यासांत घरातली बहुतेक भांडणं याच सीमेवर सापडली. पालक म्हणतात हा रीतीचा प्रश्न आहे, मूल म्हणतं हा माझा प्रश्न आहे. आपण काय करतो, तर केस वाढवले तरी ‘हेच का संस्कार’ आणि पेपर फोडला तरी ‘हेच का संस्कार’. तेच शब्द दोन्हीकडे वापरले की मुलाच्या कानात दोन्हीची किंमत एक होते. केसांवर काही बोलायचंच असेल तर ‘मला आवडत नाहीत’ म्हणा. मोठे शब्द पेपरसाठी राखून ठेवा.

इथपर्यंत मी तुमच्या मुलाची बाजूच घेत आले असं वाटेल. आता दुसरी बाजू. विचार वाढलेला असला म्हणून वागणं तसं होतंच असं नाही. १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोघांनी अमेरिकेत दहा हजारांहून जास्त मुलांना कॉपी करायची, खोटं बोलायची, छोटी चोरी करायची संधी देऊन पाहिलं. ‘प्रामाणिक मुलं’ आणि ‘लबाड मुलं’ असे दोन ढीग काही पडले नाहीत. एका ठिकाणी सरळ वागलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी घसरत होतं. प्रसंग कसा आहे, पकडले जाण्याची शक्यता किती, बाकीचे काय करताहेत, यावर बरंच ठरत होतं. नीतीवर उत्तम बोलणारी मुलं थोडी जास्त नीट वागतात, पण थोडीच.

आणि किशोरवयात बाकीचे काय करताहेत याला फार जोर असतो. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावर गाडी चालवायच्या खेळात तीन वयोगट बसवले. एकट्याने खेळताना आणि मित्र बघत असताना. मित्र बघत असले की १३ ते १६ वर्षांच्या मुलांचे धोके सगळ्यात जास्त वाढले, विशीच्या आसपासच्यांचे थोडे कमी, आणि चोवीसच्या पुढच्यांना फारसा फरक पडला नाही. शांतपणे बसून विचारलं तर सोळाव्या वर्षाचं मूल मोठ्यांच्या जवळपास विचार करतं. पण आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. रात्री साडेअकराला ग्रुपवर फोटो पडतो, खाली एकामागून एक हसरे चेहरे आणि ‘भाई तू देव आहेस’ असे मेसेज पडायला लागतात, तेव्हा तुमच्या मुलाकडे शांत बसून विचार करायची सोय नव्हती. त्याने फोटो उघडला असणार. मी असते तर उघडला नसता, असं छातीठोक सांगणाऱ्या मोठ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

त्यानंतर सुरू होतं ते समर्थन, आणि इथे मात्र मी ढील देत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुराने अशा सबबींचा चांगला अभ्यास केला होता. ‘सगळ्यांनीच पाहिला.’ ‘घटक चाचणीच तर आहे, बोर्ड थोडीच आहे.’ ‘सर तरी कुठे शिकवतात?’ ‘मी मागितला नव्हता, आपोआप आला.’ यातली प्रत्येक सबब मनाची टोचणी थोडी बोथट करते. तुमच्या मुलाचं मित्रप्रेम आणि ही सबबबाजी, दोन्ही एकाच वाक्यात मिसळलेली असू शकतात. मित्राचं नाव न सांगणं यामागे निष्ठा असेल. पण स्वतः पेपर पाहिला हे न सांगणं, यात मित्र कुठे येतो? पत्र वाचताना मला खटकलं ते इथे. घरात सगळे मित्राच्या नावावर भांडत बसलात आणि त्याने स्वतः काय केलं हा प्रश्न हळूच निसटला.

मग बोलायचं कसं? वॉकर आणि टेलर या दोघांनी कुटुंबांना एकत्र बसवून नीतीच्या पेचांवर चर्चा करायला लावली, आणि दोन वर्षांनी मुलांचा विचार कुठे पोचला ते पुन्हा मोजलं. ज्या घरात आई-बाप मुलाचं म्हणणं काढून घेत, ते आपल्या शब्दांत परत मांडून ‘असंच ना?’ विचारत, आणि स्वतःचं थोडं वरच्या पायरीचं कारण समोर ठेवत, तिथे मुलं जास्त पुढे गेली. ज्या घरात उलटतपासणी आणि व्याख्यान होतं तिथे वाढ कमी. शाळेतही ठरवून घेतलेल्या अशा चर्चांनी मुलांचा विचार पुढे सरकतो हे मोशे ब्लॅटने कोलबर्गबरोबर दाखवलं होतं. मार्टिन हॉफमनने आणखी एक धागा दिला: दम देणं किंवा अबोला धरणं यापेक्षा ‘तुझ्या वागण्याने अमक्याला काय झालं’ हे दाखवणं मुलाच्या मनात जास्त टिकतं.

मी माझ्या खोलीत साधारण असं करते. समोर मुलगा आहे, पाय हलवतोय. मी नाव विचारत नाही, तसं आधीच सांगून टाकते. मग:

‘मित्राला काय होईल अशी भीती आहे?’

‘घरी मारतील. शाळेतून काढतील.’

‘म्हणजे चूक त्याची असली तरी शिक्षा चुकीपेक्षा मोठी होईल, असं?’

‘हो.’ (पाय थांबतो.)

‘बरं. वर्गात फोटो न पाहिलेलं कोणी आहे?’

इथे बहुतेक वेळा शांतता. मग एक नाव येतं, हळू आवाजात. ग्रुपवर नसलेली एखादी मुलगी, जिच्याकडे स्मार्टफोन नाही. आडगावहून किंवा मखमलाबादहून सिटी बसने येणारी.

‘तिला किती पडले?’

‘तेरा. ती हुशार आहे तरी.’

‘आणि तुला?’

‘एकोणीस.’

पुढे मी काही बोलत नाही. बोलायचा मोह आवरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे. त्या मुलीच्या तेराकडे तो आत्तापर्यंत बघत नव्हता, कारण ती ‘आपल्यातली’ नव्हती. आपल्या माणसांची वाट सोडून सगळ्यांच्या न्यायाकडे जाताना मूल अशाच एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याजवळ थबकतं. तत्त्वावर भाषण देऊन ते थबकत नाही.

वय वाढतं तसे हे प्रश्न घरातून शहराकडे जातात. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावरून नाशिकमध्ये वाद पेटला तेव्हा आठवीची मुलं ‘झाडं वाचवा’ एवढंच म्हणत होती. अकरावी-बारावीच्या मुलांची चर्चा पुढे गेली: कुंभाला येणारी माणसं राहणार कुठे, हे ठरवणारे कोण, बदल्यात लावलेलं रोप मोठ्या झाडाइतकं कसं, आणि एकदा परवानगी दिली की पुढच्या वेळी काय. उत्तर एकमताने आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. व्यवस्थेचा विचार कसा दिसतो ते तिथे दिसलं.

‘नियम म्हणजे नियम’ असं मुलाला शिकवावं का, असंही तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. थोडं जपून. पंचवटीतून रोज जाणाऱ्या मुलांना मी काळाराम मंदिराचा सत्याग्रह विचारते. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, दादासाहेब गायकवाडांनी पुढे वर्षानुवर्षं धरून ठेवलेला. सगळी मुलं म्हणतात, बरोबर केलं. मी म्हणते, पण नियम तर होता की. तिथे मुलं अडतात, मग एखादी मुलगी म्हणते, ‘नियम सगळ्यांना सारखा नव्हता, आणि ज्यांना लागू होता त्यांना विचारून केलेला नव्हता.’ मग मी पेपराकडे वळते. पेपर गुप्त ठेवायचा नियम कुणाला खाली ढकलतो? कुणालाच नाही; उलट स्मार्टफोन नसलेल्या मुलीला तोच सांभाळतो. आणि सत्याग्रही तर उघड उभे होते, होईल ते सोसायची तयारी ठेवून. लपूनछपून फोटो टाकणं त्या रांगेत बसत नाही, हे मुलं स्वतःच म्हणतात. ‘नियम म्हणजे नियम’ एवढंच शिकलेल्या मुलाला हा फरक करता आला नसता.

काळजी कधी करायची तेही सांगते. वाद घालणं, तोंड वर करून बोलणं, मित्राला झाकणं, एखादी कॉपी, यासाठी माझ्यासारखीकडेही यायची गरज नसते. पण दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणं, मुक्या जनावरांचे हाल, वारंवार चोरी, आणि पकडल्यावर दुसऱ्याच्या दुःखाचा मागमूसही चेहऱ्यावर नसणं, हे महिनोन्‌महिने दिसत असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. आजीला फसवल्याचं त्याला लागलंय, हेच सांगतं की आतली टोचणी शाबूत आहे.

आता दुसरा प्रश्न, शाळेला नाव सांगावं का. माझं मत, तुम्ही परस्पर सांगू नका. शाळेला पेपर फुटल्याचं कळलेलं आहे, कुणाच्या जिवाला धोका नाही, आणि त्याच्या पाठीमागे जाऊन सांगितलंत तर पुढची काही वर्षं घरात तो काही सांगणार नाही. त्याचबरोबर एक रेघ आजच आखून द्या: कुणी स्वतःला इजा करायचं बोलत असेल, कुणाला मारहाण होत असेल, एखाद्या मुलीचे फोटो फिरत असतील, नशा असेल, तर त्या वेळी मित्रबित्र काही नाही, लगेच सांगायचं, आणि तू नाही सांगितलंस तर आम्ही सांगू. या रेघेवर मुलं सहसा वाद घालत नाहीत.

पेपराबाबत त्याच्यापुढे दोन कामं ठेवा. एक, मित्राशी बोलून त्याला स्वतःहून सरांकडे जायला सांगायचं. हवं तर हा सोबत जाईल. चार-पाच दिवस द्या, रोज विचारू नका. दुसरं काम मित्राच्या होकार-नकारावर अवलंबून नाही. वर्गशिक्षकांना भेटून ‘मी फोटो पाहिला होता, माझे गुण धरू नका’ एवढं सांगायचं. नाव विचारलं तर ‘ते मी सांगणार नाही’ म्हणायची मुभा त्याला ठेवा, आणि त्याबद्दल जी शिक्षा होईल ती त्याने घ्यायची, हेही आधी ठरवा. तुम्ही सोबत गेलात तर दाराबाहेर थांबा. वर्गाची चाचणी पुन्हा घ्या असं पालक म्हणून तुम्ही मुख्याध्यापकांना वेगळं सांगू शकता. त्यात कुणाचं नाव लागत नाही. आणि त्या फेरचाचणीत समजा त्याचे एकोणीसचे अकरा झाले, तर त्या दिवशी जेवताना गणिताचा विषय काढू नका.